ज्या तालावर कोणी नाचत नाही

लॅपटॉप घेतला होता खताचा साठा लिहायला. गोंदियाला लागून फुलचूरला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि फाल्गुन-चैत्रात मी आणि छतावरचा पंखा असे दोघेच काय ते हलत असतो. अशाच एका रिकाम्या दुपारी मी त्या लॅपटॉपवर संगीत बनवायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याआधी संगीताशी माझा संबंध एवढाच होता की शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव."

या सॉफ्टवेअरला सिक्वेन्सर म्हणतात. पडद्यावर आडव्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत सोळा चौकटी. एक ओळ ढोलाची, एक टाळीची, एक झांजेची. ज्या चौकटीवर माऊस दाबाल ती रंगते. डावीकडून उजवीकडे एक उभी रेघ सरकत जाते, आणि ती रंगलेल्या चौकटीवर आली की आवाज निघतो. शेवटाला गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हाताला घट्टे नाहीत, घाम नाही, गुरू नाही, आणि वादक तयार. माझ्यासारख्यांची कोणीतरी बऱ्याच दिवसांपासून काळजी करत असावं असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी चुकून टाळीच्या ओळीची लांबी सोळाऐवजी पंधरा झाली. ढोल सोळा चौकटींनी परत येत होता आणि टाळी पंधरांनी, त्यामुळे दर फेरीला टाळी एक घर पुढे पळायची. मला वाटलं लॅपटॉप गेला. मग इंटरनेटवर एका परदेशी दाढीवाल्यानं समजावून सांगितलं की हा बिघाड नाही, ही कला आहे, आणि हिला पॉलीरिदम म्हणतात. एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळे ताल चालवायचे. एक ओळ चारची केली आणि दुसरी पाचची, तर दोघी एकदम निघतात, लगेच फाटतात, आणि वीस मात्रांनंतर पुन्हा एका जागी भेटतात. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या चुकीला इंग्रजी नाव मिळालं होतं. मी त्याच दिवसापासून स्वतःला कलावंत समजायला लागलो.

बायको मागच्या घरातून दुकानात आली. आमचं घर दुकानाला चिकटूनच आहे.

"मिक्सर कोनं सुरू ठेवला?" तिनं विचारलं.

"मिक्सर नाही. पाचवर चार आहे."

ती मान कलती करून थोडा वेळ ऐकत उभी राहिली. माझी पहिली श्रोता.

"थांबते कधी हे?"

"थांबत नाही. विसाव्याला भेटते."

"मंग विसाव्याले मले आवाज द्या," म्हणाली आणि कुकर लावायला निघून गेली.

मी हिंमत सोडली नाही. चार आणि पाचमध्ये सातची एक ओळ घातली. आता तिघं एकशे चाळीस मात्रांनी एकदाच भेटायचे. मी ते दिवसभर दुकानात लावून ठेवायचो. सालेकशाकडून एक शेतकरी फवारणीचा पंप घ्यायला आला होता. मी खोका समोर ठेवला तर म्हणाला, "हा नोको. खरखर करून राहिला, दुसरा दाखवा." पंप अजून खोक्यातून बाहेरही निघाला नव्हता. मी माझी रचना इंटरनेटवर टाकली. पंधरा दिवसांत ती अकरा वेळा ऐकली गेली, त्यात नऊ वेळा मीच. जिवंतपणी कलावंताला कोण ओळखतं, असं म्हणून मी मिशा जरा वाढवल्या.

त्याच चैत्रात माझ्या साळ्याचं लग्न ठरलं. साळा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तिरोड्याजवळच्या गावात धानाची शेती करतो. या माणसाला दोनच गोष्टी जिवापाड आवडतात, ट्रॅक्टर आणि वरातीत नाचणं. पंचक्रोशीत कोणाचंही लग्न असो, धुमालच्या गाडीपुढचं पहिलं रिंगण त्याचं. धुमाल म्हणजे आमच्याकडची वाजंत्री. एका गाडीवर बेंजो, ढोल, ताशे, इलेक्ट्रिक पॅड आणि भिंतीएवढे भोंगे, मागे जनरेटर. स्वतःच्या लग्नात घोडीवरून उतरून मनसोक्त नाचायचं हे साळ्यानं दहावीत असतानाच ठरवलं होतं. मुलगी नंतर पाहिली.

लग्नाच्या तयारीची बैठक सासऱ्यांच्या अंगणात बसली. स्वयंपाकी, मांडव, गाड्या, सगळं ठरलं. मग मी खाकरलो आणि म्हणालो, "मामाजी, वरातीचं संगीत मी करतो."

सासरे माझ्याकडे पाहत राहिले. मग बायकोकडे पाहिलं. बायको तांदूळ निवडत होती, तिनं सुपावरची मान वर केली नाही.

"जवाईबापू, धुमाल तर सांगून ठेवला ना आमी," सासरे म्हणाले.

"राहू द्या ना. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत फक्त माझं. बाकी सगळीकडे धुमाल."

आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. जावई भात दुसऱ्यांदा मागतो तेव्हा भांड्यात भात नसला तरी कोणी 'संपला' म्हणत नाही, शेजारून आणतात. या सोयीचा मी त्या दिवशी पुरेपूर वापर केला. साळ्याच्या मोबाईलवर मी माझी रचना पाठवली. तो ट्रॅक्टरवर होता, इंजिन सुरू होतं. तिथूनच ओरडला, "मस्त हाये, भाऊजी!" त्यानं काय ऐकलं होतं ते देव जाणे. माझ्यावर विश्वास टाकला एवढं खरं.

धुमाल पार्टीचा उस्ताद गोंदिया शहरातला. पन्नाशीचा, बोलणं सगळं हिंदीत, आणि ढोल वाजवून वाजवून उजवा दंड डाव्याच्या दीडपट झालेला. मी पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मी त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटायची वाट पाहत होतो.

"भैया, इसमें सम किधर है?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"हर एक सौ चालीसवीं मात्रा पे."

"तब तक तो बारात रेलवे लाइन पार कर जाएगी." त्यानं डोळे उघडले. "पब्लिक पैर कहाँ रखेगी?"

"नए ज़माने का संगीत है, उस्ताद. पब्लिक सीख जाएगी."

उस्तादनं पेनड्राइव्ह खिशात टाकला. "घर के दामाद हो. क्या बोलूँ मैं."

मी हे कौतुक समजून घरी आलो. लग्नाच्या आदल्या दिवशी बायकोनं मला शेवटचं विचारलं, "खरंच वाजवनार तुमी ते?"

"काऊन? तुला आवडत नाही म्हणून कोणालाच आवडणार नाही का?"

"वाजवा. पन मी तुमच्या बाजूले उभी नाई राहनार. बायकाईत राहीन."

नवरीचं गाव सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. वैशाखाचं ऊन. आम्ही सकाळी नऊला पोहोचलो, जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा, जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. आता आमच्याकडची रीत बाहेरच्यांना सांगितली पाहिजे. अकरा बेचाळीसचा मुहूर्त पत्रिकेत छापतात, कारण पत्रिकेत ती जागा असते. प्रत्यक्षात वरात एक किलोमीटर जायला तीन तास घेते. वाटेत प्रत्येक चौकात रिंगण, प्रत्येक झाडाखाली विसावा, नवरदेवाचा एक मित्र रुसणार, एक मावशी उन्हानं चक्कर येऊन खाली बसणार. मांडवात नवरीकडचे लोक तोवर जेवणावळीचं पाणी पुन्हा पुन्हा थंड करत राहतात. अक्षता पडायला दुपारचे अडीच. कोणाला याचं काही वाटत नाही.

वाटत होतं एकाच माणसाला. नवरीचे वडील निवृत्त हेडमास्तर होते. उभी हयात प्राथमिक शाळेत काढलेली, आता घरचं धान पाहायचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, मनगटावर घड्याळ. ते दहा वाजता जानोशावर आले आणि सासऱ्यांना हात जोडून म्हणाले, "वरात वेळेवर आणा जी. मुहूर्त हाये."

"आनतो ना," सासरे म्हणाले. हेही पत्रिकेसारखंच.

हेडमास्तर सगळं समजून गेले. जाताना घड्याळाकडे असं पाहिलं, जसं काही त्याच्यावर कायमचा शेरा मारायचा आहे.

अकराला वरात मारुतीच्या देवळापाशी आली. तोवर धुमाल वाजत होता आणि तरणी पोरं नाचून नाचून ओलीचिंब झाली होती. साळा घोडीवर, फेट्यात, उतरायच्या तयारीत, एक पाय रिकिबीतून काढलेला. मी उस्तादला हात केला. उस्तादनं माझ्याकडे एकदा पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी मान खाली घातली, आणि उस्तादनं पेनड्राइव्ह लावला.

भिंतीएवढ्या भोंग्यांतून माझं संगीत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चारचा ढोल, पाचचा ताशा, सातची झांज. सुरुवातीच्या एका ठोक्याला तिन्ही एकत्र आले तेव्हा पोरांनी हात वर केले, ओरडा झाला. त्यानंतरचा ठोका त्यांना सापडलाच नाही. पुढच्या रांगेतल्या एकानं उजवा पाय उचलला आणि तो तसाच हवेत ठेवून तो ठरवत राहिला. दुसरा दोनदा टाळी वाजवून थांबला आणि आपल्या तळहातांकडे पाहू लागला. साळ्याचा जिवलग मित्र, ज्याला जमिनीवर लोळून नागीण करायची सवय आहे, तो खाली लोळला खरा, पण मध्येच उठून बसला आणि विचारता झाला, "लाईट गेली का जी?"

"नाही, हे गाणंच हाये," कोणीतरी सांगितलं.

"कोनाचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली, जशी मोठे वादक श्रोत्यांकडे पाहून हलवतात.

घोडी नाचायला शिकवलेली होती. चारच्या ठेक्यावर पुढचे पाय आपटायची. तिनं दोनदा पाय उचलून पाहिला, कान मागे घेतले, आणि मग नोकरी सोडल्यासारखी सरळ चालायला लागली. घोडीवाला लगाम ओढत माझ्याकडे ओरडला, "साहब, ताल ठीक करो, जानवर को समझ नहीं आ रहा!" घोडी पुढे गेली म्हणून साळा पुढे गेला, नवरदेव पुढे गेला म्हणून करवल्या पुढे गेल्या, करवल्या गेल्या म्हणून पोरं. कोणाला नाचता येत नव्हतं, उभं राहिलं तर ऊन लागत होतं, मग लोक चालायला लागले. गाडीवर धुमालचे आठ वादक काठ्या हातात धरून बसले होते. एकानं मधेच ढोलावर एक ठोका देऊन पाहिला आणि लगेच काठी मांडीखाली लपवली.

मी मागून पाहत होतो. मला अजूनही आशा होती की एकशे चाळिसाव्या मात्रेवर लोकांना उलगडेल. ती मात्रा आली, तिन्ही ताल एकत्र वाजले, आणि बाराशे पावलांतलं एकही पाऊल तिच्यावर पडलं नाही. पाठमोरी वरात अशी चालली होती, जशी तहसील कार्यालयावर निवेदन द्यायला चालली आहे.

बारा मिनिटांत मांडव आला.

मांडवात कोणाचीच तयारी नव्हती. भटजी तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन उभे राहिले. नवरीचे मामा आंघोळीला गेले होते, ते ओल्या अंगावर सदरा चढवत धावले. आतून बायकांचा कालवा ऐकू आला, कारण नवरीची वेणी अर्धीच झाली होती आणि घालणारी बाई गजरे आणायला सालेकशाला गेली होती. दारात एकटे हेडमास्तर उभे होते, हातात हार, डोळे घड्याळावर. अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

लग्न अकरा बेचाळीसला लागलं. अक्षता हवेत असताना घड्याळाचा काटा नेमका तिथे होता, हे पाहायला अर्धा गाव मनगटं वर करून उभा होता. जेवणाच्या पंगती साडेबाराला बसल्या. पाणी थंड होतं.

हेडमास्तर मला शोधत आले. माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"जवाईबापू, काय वाजलं हो ते?"

"चार, पाच आणि सातचे ताल एकाच वेळी चालतात, सर."

"एकशे चाळीस," ते ताबडतोब म्हणाले. "लसावि एकशे चाळीस."

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या दिवसांत कोणाला तरी कळलं होतं. मी सांगायला लागलो की सातऐवजी अकराची ओळ घेतली तर काय होतं, पण त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू द्या. मले त्याचं काही कराचं नाई. वरात वेळेवर आली. उभ्या आयुष्यात मी असं पाह्यलं नाई." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला शिरा वाढला.

मी शिरा खाल्ला. समोरच्या पंगतीत साळा बसला होता. तो जेवत नव्हता. त्याच्या मित्रांनी माझ्याकडे पाठ केली होती. मी त्याच्याजवळ गेलो तेव्हा तो फक्त एवढंच बोलला, "भाऊजी, माह्या लग्नात कोनी नाचलं नाई." रागानं बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यानं ते एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगितलं. परतीच्या गाडीत बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिरोड्यापर्यंत मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "डोस्कं दुखून राहिलं माहं," आणि पदर डोळ्यांवर घेतला.

आता इथे माझ्या कलेचा अस्त व्हायला हवा होता. झालं उलटं. आठ दिवसांत एक गृहस्थ दुकानात आले. खत नको, बियाणं नको. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "ते न नाचाचं गानं तुमच्याचकडे भेटते का?"

"कोणतं?"

"ज्याच्यानं वरात सरळ येते ते. पोरीचं लग्न हाये."

हेडमास्तरांनी आपल्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं होतं. ज्याला ज्याला मुलगी होती, तो माझ्याकडे येऊ लागला. वरात वेशीत आली की मुलीकडचे धुमालवाल्याच्या हातात माझा पेनड्राइव्ह द्यायचे. मला राग यायला हवा होता, आणि पहिल्या दिवशी तो थोडा आलाही. दुसऱ्या दिवशी मी पेनड्राइव्हवर चिकटवायला माझ्या नावाच्या पट्ट्या छापून घेतल्या. कलेचा हेतू काय याबद्दल माझी मतं इतकी लवचिक निघतील हे मलाही माहीत नव्हतं. एका होऊ घातलेल्या सासऱ्यासाठी तर मी खास नऊची ओळ वाढवली, कारण त्यांच्या दारी वरात दारू पिऊन येणार होती आणि साध्या सातला जुमानेल याची खात्री नव्हती.

जुमानली. दोन दारूडे रस्त्याच्या कडेला बसून एकमेकांना विचारत होते की जास्त झाली का. त्यातल्या एकानं त्या दिवसापासून सोडली असं कोणीतरी सांगितलं. मी ते जो भेटेल त्याला सांगत असे.

त्या हंगामात मी सहा वराती चालवल्या. चालवल्या हाच शब्द बरोबर आहे. शेवटी मुलाकडचे सावध झाले. एका साखरपुड्यात मुलाच्या काकानं सुपारी फोडायच्या आधी स्पष्ट विचारलं, "फुलचूरचं ते वाजनार नाई ना?" मुलीच्या बापानं उत्तर द्यायला जरा वेळ लावला तर बैठक मोडता मोडता राहिली.

मृग लागला. साळा धानाचं बियाणं घ्यायला दुकानात आला. लग्नानंतर पहिल्यांदाच. बायकोनं चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच घेतला. मी बियाण्याच्या पिशव्या काढत असताना तो काउंटरवरच्या पेनड्राइव्हच्या ढिगाकडे पाहत होता. प्रत्येकावर माझ्या नावाची पट्टी.

"अजून नेतात लोक?" त्यानं विचारलं.

"नेतात."

"ज्याईचं लग्न राहते त्या पोट्ट्याईले विचारता का?"

मी पिशव्या मोजत राहिलो.

"मी सातवीत होतो तवापासून दुसऱ्याईच्या वरातीत नाचून राहिलो, भाऊजी. वाटे, एक दिवस हे सारे माह्या वरातीत नाचतीन." त्यानं कप खाली ठेवला. "तिच्या बापाले बरं वाटलं, ठीक हाये. पन तिचे फोटो पाह्यले का तुमी? एका बाजूची वेनी हाये, दुसऱ्या बाजूचे केस मोकळेच. ती आलबम कोनाले दाखवत नाई."

मला खरंच माहीत नव्हतं. मी फोटो पाहिले होते, पण स्वतःचे.

"माझं चुकलं," मी म्हणालो. या वाक्याला मी पुढे 'पण' जोडला नाही, आणि तो जोडणं किती अंगवळणी पडलं होतं हे तेव्हा जाणवलं.

"माफी नोका मांगू. ते बंद करा फक्त." त्यानं पिशव्या उचलल्या आणि ट्रॅक्टरवर टाकल्या. जाताना म्हणाला, "रोवनीले या घरी. ताईले घेऊन."

त्या दिवसापासून जो कोणी ते गाणं मागायला आला त्याला मी सांगितलं, कम्प्युटरमधून उडालं. एक गृहस्थ हळहळले. दुसऱ्यानं विचारलं, मग तुमच्या दुकानात आता काय भेटते? युरिया, मी म्हणालो.

पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळे धुमालवाल्यांना काम नसतं. आषाढात एका दुपारी उस्ताद दुकानात आला. मला वाटलं भांडायला आला. माझ्यामुळे सहा वरातींत त्याचे वादक हात बांधून बसले होते. तो खुर्ची ओढून बसला.

"भैया, वो फिर से सुनाओ. सिर्फ चार और पाँच. सात मत लगाना, सात में बदमाशी है."

"काय करणार?"

"दो महीने से थाली पे बजा रहा हूँ. आधा मिनट पकड़ में आता है, फिर छूट जाता है. उस दिन गाड़ी पे मेरे लड़के हँस रहे थे, मैं गिन रहा था."

मी लॅपटॉप उघडला. त्यानं औषधाचा एक रिकामा डबा उलटा केला, डाव्या हातानं चार धरला आणि उजव्यानं दर पाचव्या मात्रेवर जोर द्यायला लागला. ओठांनी मोजत होता. तीन फेऱ्या नीट गेल्या, चौथीत हात एकमेकांना जाऊन मिळाले. त्यानं शिवी दिली आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"आप दिखाओ. कहाँ गलती हो रही है?"

मी डब्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मी आयुष्यात एकदाही ते हातानं वाजवलेलं नव्हतं. बोटं ठेवली, चार मोजले, पाचवर जोर दिला, आणि दुसऱ्याच मात्रेला माझे दोन्ही हात एकदम पडले. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

उस्तादनं डबा परत आपल्याकडे ओढला. "आपको खुद नहीं आता?"

"नाही."

"तो बनाया कैसे?"

"माऊसनं."

मला वाटलं आता हा सगळ्या शहरात सांगेल. तो हसला नाही. त्यानं माझा डावा पाय धरून जमिनीवर टेकवला आणि म्हणाला, "पहले पैर से चार. हाथ को भूल जाओ. खाना खाते, चलते, दुकान में, बस चार." तब्बल तीन आठवडे त्यानं मला हात वापरू दिला नाही. चाळिशी ओलांडलेला कृषी केंद्राचा मालक, काउंटरखाली पाय आपटत लोकांना झिंक देत होता. बायको एक दिवस वाकून खाली पाहून गेली. "मुंगळे चावून राहिले का?" मी मोजणीत होतो, उत्तर देता आलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी तो यायचा. हळूहळू मला चारवर तीन जमलं. चारवर पाच आजही नीट जमत नाही. आठ फेऱ्या हा माझा विक्रम आहे, आणि नवव्या फेरीत कोणीतरी बियाणं मागतं. उस्तादला मात्र भाद्रपदापर्यंत पूर्ण बसलं. तो बोलता बोलता वाजवायचा, चहा पिता पिता वाजवायचा. मी पडद्यावरची रेघ लावून ठेवायचो आणि तो चुकतो का ते पाहायचो. रोवणीला आम्ही साळ्याकडे गेलो होतो तेव्हा मी त्याला उस्ताद चारवर पाच शिकतोय हे सांगितलं होतं. तो चिखलातून वर न पाहता म्हणाला, "त्याईले जमते त, त्याईले वाजवू द्या. तुमी ऐका."

तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या वरातीला उस्तादनं मला बोलावलं. गोंदियातच होती, दुपारची, मुलाकडचे लोक माझ्या ओळखीचे नव्हते, हे बरंच होतं. गाडीवर ढोल जोरात चार धरून होता, इतका ठळक की आंधळ्यालाही पाय टाकता यावा. पोरं नाचत होती, बाया नाचत होत्या, एक आजोबा काठी वर करून एकाच जागी फिरत होते. थोड्या वेळानं उस्तादनं ढोल दुसऱ्याकडे दिला, ताशा गळ्यात घातला आणि त्या चारच्या वर, अगदी हलक्या हातानं, पाच सुरू केला.

मी पोरांच्या पायांकडे पाहिलं. कोणाचा पाय अडला नाही. उलट खांदे जरा वेगळे हलायला लागले, एक पोरगी कमरेत थोडी उशिरा वळली आणि तिला ते आवडलं म्हणून पुन्हा तशीच वळली. विसाव्या मात्रेला ढोल आणि ताशा एकत्र पडले तेव्हा सगळं रिंगण एकदम खाली बसून उठलं. कोणीही त्यांना तसं शिकवलं नव्हतं. मी मनात मोजत होतो म्हणून मला कळलं. पुन्हा विसाव्याला तेच.

मला राहवलं नाही. शेजारी एक जाडजूड गृहस्थ घाम पुसत उभे होते, त्यांच्या दंडाला धरून मी म्हणालो, "ऐकलं का? चारवर पाच चाललंय ते! विसाव्याला भेटतात!"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाऊ," ते म्हणाले, "बाजूले सरका. जनरेटरची गाडी मांगं येऊन राहिली."